तहकुबीचे तत्त्वज्ञान

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या ज्या लहानशा संस्थेच्या विश्वस्त मंडळावर गेली अनेक वर्षे मी केवळ वयाच्या वडीलकीमुळे बसत आलो आहे, तिच्या मागच्या बैठकीच्या इतिवृत्तात एक वाक्य नोंदले गेले आहे. ते असे : ‘सध्याची राजकीय परिस्थिती विचारात घेता सदर विषय तहकूब ठेवण्यात यावा, असे सर्वानुमते ठरले.’ यातील ‘सर्वानुमते’ हा शब्द खोटा आहे, कारण माझा हात वर नव्हता. परंतु इतिवृत्त लिहिणाऱ्या लेखणीला एका म्हाताऱ्याचा खाली राहिलेला हात दिसावा अशी माझी अपेक्षाही नाही. माझे भांडण आहे ते वाक्याच्या आरंभीच्या ‘सध्या’शी. हा ‘सध्या’ आमच्या मंडळात मी पंधराएक वर्षे ऐकत आहे, आणि एवढ्या दीर्घ मुदतीत तो एकदाही संपलेला नाही.

विषय फार मोठा नव्हता. दसरा झाला की आमच्या भागातील जोडपी मुकादमाची उचल फेडण्यासाठी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. त्यांची शाळेत जाणारी मुले आजी-आजोबांजवळ गावीच राहावीत, त्यांचे शिक्षण मोडू नये, म्हणून सरकारने हंगामी वसतिगृहांची तजवीज केलेली आहे. आणि ती तजवीज कागदावर उत्तम असून तिची मंजुरी आमच्याकडे बहुधा तेव्हा पोहोचते, जेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांच्या, कोंबड्यांच्या आणि गोणपाटांच्या मधोमध बसून ती मुले शेदीडशे कोस दूर गेलेली असतात. मंजुरी भाद्रपदातच मिळावी आणि खर्चाची तरतूद हंगामाच्या आधी खात्यावर यावी, एवढ्या दोन मागण्यांचे दीड पानी निवेदन मुंबईला पाठवावे, असा माझा ठराव होता. त्यावर आमचे एक ज्येष्ठ विश्वस्त, जे मनाने सज्जन आणि व्यवहाराने त्याहून सज्जन आहेत, चष्मा पुसत म्हणाले, “गुरुजी, तुमचे म्हणणे रास्त आहे. पण सध्या नको. आपण वह्या वाटू, दप्तरे वाटू. धोरणाबिरणाच्या फंदात वातावरण निवळल्यावर पडू.” सर्वांनी माना डोलावल्या, चहा आला, आणि विषय संपला.

हे मत एकट्या त्या गृहस्थांचे असते तर मी लेखणी उचलली नसती. परंतु आज सेवाभावी संस्थांच्या जगात ते शहाणपणाचे परमावधिस्थान होऊन बसले आहे, म्हणून ते मी त्यांच्यापेक्षाही नेटकेपणाने मांडतो. ते म्हणतात : सत्ता आज याच्या हाती, उद्या त्याच्या, पक्ष फुटतात, चिन्हे गोठतात, ज्या मंत्र्याला आज निवेदन द्यावे तो उद्या विरोधी बाकावर जातो आणि आपल्यावर मात्र त्याचा शिक्का कायमचा बसतो. सेवा निर्मळ आहे, धोरणाला राजकारणाचा विटाळ आहे. शिवाय संस्थेची नोंदणी आहे, वार्षिक हिशेब आहेत, धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे, देणगीदारांची नाजूक मने आहेत. एका अर्जापायी हे सारे पणाला का लावावे? आणि शेवटचा हुकमी पत्ता असा की, लोकांनी निवडून दिले आहे ते आमदारांना; तुम्हाला कोणी निवडले? तेव्हा सरकार स्थिर होऊ द्यावे, तोवर मुकाट्याने काम करीत राहावे.

प्रथम त्या स्थिर सरकारचाच ठावठिकाणा शोधू. १ मे १९६० रोजी हे राज्य अस्तित्वात आले. तेव्हापासून आजवर विधानसभेची पाच वर्षांची मुदत मुख्यमंत्रिपदावर राहून अखंड पुरी केली अशी माणसे दोनच, वसंतराव नाईक आणि २०१४ ते २०१९ या काळातील देवेंद्र फडणवीस. नाईकांची सुमारे अकरा वर्षे आणि ही पाच वर्षे धरली, तर या राज्याच्या सहा दशकांहून अधिक आयुष्यात सेवाभावी संस्थांनी तोंड उघडावे असा काळ जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा भरतो. बाकीचा सारा काळ, या तत्त्वज्ञानाप्रमाणे, वह्या वाटण्याचा. बरे, त्या स्थिर वर्षांत तरी आमच्या मंडळाने तोंड उघडले होते काय? मला आठवते, दुष्काळाच्या एका वर्षी मी टँकरांच्या फेऱ्यांविषयी असाच एक कागद बैठकीपुढे ठेवला होता, आणि तेव्हा सरकार चांगले भक्कम होते. तोच चष्मा त्याच रुमालाने पुसला गेला आणि उत्तर आले, “सरकार भक्कम आहे, गुरुजी. त्यांना आपली गरज काय? आपल्या कागदाला कोण विचारतो?” म्हणजे सरकार डळमळीत असताना बोलणे धोक्याचे आणि भक्कम असताना बोलणे व्यर्थ! या दोहोंच्या मधले, ना डळमळीत ना भक्कम असे सरकार कोणत्या पंचांगात सापडते, ते त्या गृहस्थांनी मला एकदा सांगावे. मी त्या मुहूर्तावर सोवळे नेसून निवेदन घेऊन जाईन.

सरकार म्हणजे मंत्री, अशी समजूत या सर्व भयाच्या मुळाशी आहे, आणि ज्यांनी एकही फाइल मंत्रालयाच्या एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाताना पाहिलेली नाही त्यांचीच ती असू शकते. मंत्री बदलतो, कक्ष अधिकारी बदलत नाही, लेखाशीर्ष बदलत नाही, पुरवणी मागण्यांची तारीख चुकत नाही, आणि जुना शासन निर्णय नवा निघेपर्यंत लागू राहतो. २०१९च्या नोव्हेंबरात या राज्यात काय घडले ते सर्वांच्या स्मरणात आहे. १२ तारखेला राष्ट्रपती राजवट लागली, २३ तारखेच्या सकाळी, राज्य अजून अंथरुणात असताना, एक शपथविधी झाला, तीन दिवसांत ते सरकार गेले आणि २८ तारखेला दुसरे आले. यापेक्षा अनिश्चित महिना महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल. परंतु त्याच महिन्यात, राज्यात एकही मंत्री नसताना, अवकाळी पावसाने पिके गेलेल्या शेतकऱ्यांना खरिपासाठी हेक्टरी ८,००० आणि फळबागांसाठी हेक्टरी १८,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देण्याचा निर्णय राज्यपालांच्या नावाने निघाला. दर अपुरा होता की पुरेसा, मर्यादा योग्य होती की अन्यायाची, हा वादाचा विषय. पण धोरण ठरले, आकडा ठरला, आणि तो ठरत असताना ज्यांचे कागद टेबलावर होते त्यांचेच म्हणणे विचारात घेण्याची सोय होती. ‘सध्या नको’ म्हणून जे घरी बसले त्यांच्यासाठी निर्णय थांबला नाही. निर्णय कधीच थांबत नसतात. आपण गैरहजर असतो, इतकेच.

आणि अनिश्चित काळात काही साधत नाही हे तरी खरे आहे काय? रोजगार हमीचे उदाहरण घ्या, कारण त्याच्या खडीवर आमच्या भागातील दोन पिढ्यांनी हात फोडून घेतले आहेत. वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली ती कल्पना १९७२च्या दुष्काळात योजना म्हणून उभी राहिली, आणि दुष्काळ ओसरल्यावरही शेतमजुरांच्या व कष्टकऱ्यांच्या संघटनांनी मोर्चे, परिषदा आणि अर्ज यांचा तगादा सोडला नाही म्हणून तिला कायद्याचे रूप आले. तो कायदा १९७७चा. तो प्रत्यक्ष अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. या दोन वर्षांत या राज्याच्या राजकारणात स्थिर असे काय होते? आणीबाणी उठून दिल्लीचे तख्त पालटले होते, काँग्रेस दुभंगली होती, विधानसभेची निवडणूक होऊन दोन काँग्रेसांचे एक कडबोळे सरकार वसंतदादा पाटलांच्या नेतृत्वाखाली आले होते, आणि १९७८च्या जुलैत ते कोसळून शरद पवारांचे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार त्याच्या जागी बसले होते. कायद्याचा जन्म एका राजवटीत झाला आणि बारसे दुसरीत! मागेल त्याला काम देण्याची कायदेशीर हमी देणारे हे देशातले पहिले राज्य ठरले, आणि २००५ साली दिल्लीने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा याच अनुभवाची शिदोरी तिच्यापाशी होती. त्या काळच्या कार्यकर्त्यांनी वातावरण निवळण्याची वाट पाहिली असती, तर आमच्या गावचे पाझर तलाव आज त्यांच्या भाषणांतच असते.

गर्भलिंगपरीक्षेविरुद्धची लढाई घ्या. १९८५ साली मुंबईत स्त्री-संघटना, डॉक्टर आणि विज्ञानाचे कार्यकर्ते यांनी एक मंच उभारला, आणि १९८८ साली या राज्याने असा कायदा केला जो तोपर्यंत देशात कोठेही नव्हता. १९८५ ते १९८८ या चार वर्षांत मुख्यमंत्री किती झाले? वसंतदादा पाटील, शिवाजीराव पाटील निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार, असे चार. तो कायदा कच्चा होता आणि त्याच्या पळवाटांतून सोनोग्राफीची यंत्रे सहज निसटली, हे मला मान्य आहे. १९९४च्या केंद्रीय कायद्याचीही अंमलबजावणी कागदावरच राहिली, आणि म्हणूनच २००० साली ‘सेहत’ व ‘मासूम’ या संस्थांना साबू जॉर्ज यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. पण त्याचा अर्थ असा होतो की, चार मुख्यमंत्री आणि त्यानंतर दिल्लीत एकामागून एक पंतप्रधान बदलत असताना ही माणसे तोच कागद, त्यातील चुका दुरुस्त करीत, पुनःपुन्हा पुढे ठेवीत राहिली. एका प्रयत्नात फळ न आलेल्या झाडाला पाणी तोडणारा माळी मी अद्याप पाहिलेला नाही. विश्वस्त मात्र पुष्कळ पाहिले आहेत.

आता सेवा निर्मळ आणि धोरण विटाळाचे, या सोवळ्या-ओवळ्याकडे वळतो. हे वर्गीकरण कोणत्या परंपरेतून आले याचा मी पुष्कळ शोध केला. आमच्या परंपरेतून तरी ते आलेले नाही. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, ती कशासाठी? गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोकांनी ‘सार्वजनिक काका’ हीच पदवी दिली, त्यांनी सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्यापूर्वी लोकांकडून मुखत्यारनामे घेतले; सहा हजार सह्यांच्या बळावर पंचाण्णव प्रतिनिधी बसले; आणि त्या सभेने १८७६-७७च्या भीषण दुष्काळात गावोगावची माहिती जमवून ती सरकारच्या पुढ्यात आदळली. भुकेल्यांना अन्न मिळावे हे सभेलाही हवे होतेच. पण शेतसाऱ्याची आकारणी, सूट-तहकुबीचे नियम आणि दुष्काळी कामावरील मजुरीचा दर हे प्रश्न विचारल्यावाचून अन्नाचा प्रश्न सुटत नाही, एवढे त्यांना कळत होते. (तहकुबी हा शब्द तेव्हा साऱ्याच्या वसुलीला लावीत, ती रयतेच्या हिताची होती. आता ती रयतेच्या गाऱ्हाण्याला लावतात.) आणि या सभेच्या पाठीशी उभे असलेले महादेव गोविंद रानडे कोण होते? इंग्रज सरकारच्या पगारावरचे न्यायाधीश! आमच्या विश्वस्तांना देणगीदाराच्या नापसंतीची धास्ती. रानड्यांचा तर धनीच सरकार होता. १८७९ साली, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार बिथरलेले असता, संशयाने त्यांची धुळ्यास बदली झाली. ते धुळ्यास गेले, आणि तेथेही त्यांची लेखणी थांबली नाही.

पुढे १८९६-९७चा दुष्काळ आला. टिळकांच्या हाती आलेल्या सार्वजनिक सभेने आपली माणसे खेड्यापाड्यांत धाडून रयतेला दुष्काळसंहितेत तिच्यासाठी काय लिहिले आहे ते समजावून दिले. म्हणजे सरकारचाच कायदा सरकारच्याच प्रजेला वाचून दाखवला. त्याबद्दल १८९७ साली सरकारने काय शिक्षा केली? सार्वजनिक धोरणाच्या प्रश्नांवर सरकारशी पत्रव्यवहार करणारी संस्था म्हणून सभेला असलेली मान्यता काढून घेतली. अन्नछत्र बंद करा असे सरकारने सांगितले नाही. धोरणाविषयी बोलू नका, एवढेच सांगितले. आज जे गृहस्थ मला ‘सेवा करा, धोरणाचे बोलू नका’ असा उपदेश करतात, त्यांना आपण कोणाचे वाक्य, आणि तेही सव्वाशे वर्षांनी, फुकट म्हणून दाखवीत आहोत याची कल्पना आहे काय? परक्या सरकारला ते हुकूम काढून म्हणावे लागले होते. आम्ही ते स्वतःच्या इतिवृत्तात, सर्वानुमते, स्वखुशीने लिहून घेतो.

त्याच १८९७ सालची एक गोष्ट प्रतिपक्षाच्या कामाची आहे, आणि ती त्यांना ठाऊक नसल्यामुळे मीच काढून देतो. रानडे-गोखले यांच्या डेक्कन सभेने वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यास गोपाळराव गोखल्यांना विलायतेस धाडले होते. साक्ष उत्तम झाली; हिंदुस्थानच्या खर्चाचा जमाखर्च त्यांनी आयोगापुढे अशा रीतीने मांडला की आजही तो वाचनीय वाटतो. परंतु तेथे असताना पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी केलेल्या अत्याचारांविषयी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर ते वर्तमानपत्रात बोलले, प्लेग अधिकारी रँडच्या खुनाने सारे वातावरण पेटलेले होते, आणि परत आल्यावर पत्र लिहिणाऱ्यांनी हात झटकले तेव्हा गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. पाहा, बोलण्याची हीच गत होते! असे कोणी म्हणेल. पण गोखल्यांनी त्यातून कोणता बोध घेतला? धोरणाविषयी पुन्हा बोलायचे नाही, असा? दोन वर्षांत ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले, १९०२पासून बड्या कायदेमंडळात एका मागून एक अर्थसंकल्पावर असे बोलले की व्हाइसरॉयही कान टवकारून ऐके, आणि १९०५ साली, म्हणजे बंगालची फाळणी झाली त्याच वर्षी, त्यांनी भारत सेवक समाज काढला. नावात सेवा आणि कामात धोरण! माफीने त्यांना पुरावा हाती असल्याशिवाय बोलू नये एवढेच शिकविले. आमच्या मंडळींनी तेवढे शिकावे. माझ्या दीड पानी निवेदनाला मंजुरीच्या पत्रांच्या तारखा आणि शाळेच्या हजेरीपटाचे उतारे मी म्हणूनच जोडले होते. ते कोणी उलटून पाहिले नाहीत.

‘ॲडव्होकसी’ या विलायती शब्दाने कित्येकांना बिचकल्यासारखे होते, म्हणून आपल्या घरचा शब्द देतो : वकिली. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील दिल्लीच्या दरबारी असत, ते हिंगणे घराण्यातले. १७५४ साली बादशहा अहमदशहा पदच्युत झाला, १७५९ साली आलमगीर दुसरा मारला गेला, वजीर एकमेकांच्या जिवावर उठलेले, अब्दालीची स्वारी कधी येईल याचा नेम नाही; आणि अशा त्या नगरीतून हिंगण्यांची पत्रे पुण्याला जात राहिली. ‘सध्या दिल्लीचे वातावरण ठीक नाही, सबब वकिलास परत बोलवावे’ असा ठराव पुण्यात कोणी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही. तख्त हलत असते तेव्हाच तेथे आपले माणूस असावे लागते, हे पेशव्यांच्या फडावरच्या कारकुनालाही ठाऊक होते.

राहिली भीती. तिची मी थट्टा करणार नाही, कारण ती सर्वस्वी खोटी नाही. परदेशी देणग्यांचा कायदा १९७६ साली, ऐन आणीबाणीत जन्मला. २०१०च्या नव्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून एकपंचमांशावर आली आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला असा पैसा देण्यास बंदी झाली. त्यामुळे लहान संस्थांचे हाल झाले, हे उघड आहे. पण आमच्या संस्थेच्या खात्यात आजवर परदेशातून एक छदामही आलेला नाही. ज्याच्या घरी शेळीही नाही त्याने गोठ्याच्या कुलपापायी रात्र जागून काढावी, तशी ही भीती! आणि ज्यांना तो पैसा मिळतो त्यांच्यासाठीही सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्वच्छ सांगितले आहे की, ज्या संस्थेचे पक्षीय राजकारणाशी नाते नाही, तिने लोकांच्या प्रश्नासाठी बंद-हरताळासारखे मार्ग चोखाळले एवढ्यावरून तिला राजकीय ठरवून देणगीस मुकवता येणार नाही. बंद-हरताळाचे हे, मग दीड पानी अर्जाचे काय?

शिवाय मौन पाळले की अभय मिळते, ही सनद कोणी दिली? १९८२ साली न्यायमूर्ती कुदाल यांचा आयोग गांधीवादी संस्थांच्या मागे लावण्यात आला. चरखा, खादी आणि ग्रामदान यांत आयुष्य घालवलेल्या माणसांचे हिशेब वर्षानुवर्षे उलटेपालटे केले गेले. जयप्रकाश नारायणांशी जवळीक हे त्याचे कारण होते असे म्हणतात, आणि खरेही असेल. पण त्या झडतीत जयप्रकाशांच्या बाजूने बोललेले आणि आपल्या कोपऱ्यात मुकाट सूत कातणारे असा भेद कोणी केला नाही. वादळाला गप्प माणसाचे घर ओळखू येत नाही.

याहून मोठी किंमत मोजावी लागते, असे कोणी म्हणेल तर त्याच्यापुढे माझी मान खाली जाईल, कारण मला डॉ. नरेंद्र दाभोलकर आठवतील. जादूटोणाविरोधी कायद्याची मागणी करणारा ठराव विधान परिषदेत १९९५ साली झाला. तेव्हापासून २०१३पर्यंत सहा मुख्यमंत्री झाले. विधेयक आले, २००५ साली विधानसभेत संमत झाले, परिषदेत अडकले, मागे गेले, पुन्हा आले. आणि प्रत्येक अधिवेशनापूर्वी दाभोलकर आणि त्यांचे सहकारी त्या मसुद्यातील एकेका कलमाविषयी, एकेका आक्षेपाविषयी आमदारांच्या दारी जात राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि चार दिवसांत वटहुकूम निघाला. डिसेंबरात कायदा झाला. हत्येने कायदा झाला, असे लोक म्हणतात. मी म्हणतो, लोकक्षोभाने सरकारला जाग आली हे खरे. पण जागे झालेल्या सरकारच्या हाती चार दिवसांत वटहुकूम काढण्यासारखे काही होते, ते कशामुळे? अठरा वर्षे घासून-पुसून तयार ठेवलेला मसुदा होता म्हणून. लोकक्षोभ पुष्कळदा होतो आणि मेणबत्त्यांबरोबर विझतो, कारण त्या घटकेला टेबलावर कागद नसतो. दाभोलकरांचे नाव घेऊन आम्हाला गप्प बसण्याचा सल्ला देणाऱ्यांनी एवढा तरी विचार करावा की, आपण कोणाचे नाव कोणत्या कामासाठी वापरीत आहोत.

‘तुम्हाला कोणी निवडले?’ हा प्रश्न मात्र मला मनापासून आवडतो. फक्त तो सर्वांना विचारावा. मुंबईची व्यापारी चेंबर १८३६पासून आहे आणि पुण्याची मराठा चेंबर १९३४पासून. अर्थसंकल्पापूर्वी उद्योगपतींच्या मंडळांना सन्मानाने बोलावून त्यांच्या मागण्या ऐकून घेतल्या जातात, मग सरकार भक्कम असो की डळमळीत असो. सरकार पडण्याच्या आदल्या दिवशीही वीजदराचे आणि जमिनीच्या सवलतीचे निवेदन कोणाच्या तरी बॅगेत तयारच असते. त्यांना कोणत्या मतदारसंघाने निवडले? साखर कारखानदारांचा संघ हंगामाच्या तोंडाशी ‘सध्या नको’ म्हणून घरी बसल्याचे कोणी ऐकले आहे काय? निवडून येण्याची अट फक्त कोयता धरणाऱ्या हातांच्या बाजूने बोलणाऱ्यालाच का? आमदारांना लोकांनी निवडले म्हणूनच तर त्यांच्यापुढे अर्ज घेऊन जायचे. न निवडलेल्याकडे अर्ज घेऊन कोण जातो? राज्याच्या विशेष जनसुरक्षा विधेयकाचेच पाहा : जुलै २०२४मध्ये मांडलेले ते विधेयक विधानसभेबरोबर लोपले, डिसेंबरात नव्या सभागृहात पुन्हा आले आणि संयुक्त समितीकडे गेले, तेव्हा समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती पोहोचल्या. जुलै २०२५मध्ये ते संमत झाले आणि समितीने केलेल्या फेरफारांनी विरोधकांचे समाधान झाले नाही. पण फेरफार झाले, ते त्या हरकतींच्या गठ्ठ्यावाचून झाले असते असे मला कोणी पटवून द्यावे. त्या गठ्ठ्यात आमच्या संस्थेचा कागद नव्हता. आम्ही त्या सुमारास दप्तरे वाटत होतो. त्याची छायाचित्रे देणगीदार कंपनीच्या अहवालात छापून आली आहेत आणि चांगली आली आहेत.

दप्तरांशी माझे वैर नाही, कोणी तसा ग्रह करून घेऊ नये. परंतु ज्या मुलाला आम्ही श्रावणात दप्तर देतो ते कार्तिकात ट्रॉलीत बसून उसाच्या फडाकडे जाते आणि ते दप्तर पाचटाच्या खोपीत भाकरी बांधून ठेवण्याच्या कामी येते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ते मूल गावात राहील की जाईल हे दप्तराने ठरत नाही. मंजुरीच्या पत्रावरील तारखेने ठरते. ती तारीख ज्या टेबलावर ठरते त्या टेबलाशी जाण्यास जी संस्था सरकार स्थिर नाही म्हणून नकार देते, ती आपली सेवा निर्मळ राखीत नाही, निष्फळ राखते. आणि तिला मिळालेला प्रत्येक रुपया, तिने वाटलेली प्रत्येक वही, ज्या व्यवस्थेने त्या मुलाला ट्रॉलीत बसवले तिच्याच खर्चाचा एक भाग होऊन बसते. राजकारण अनिश्चित आहे म्हणून धोरणाविषयी बोलू नये, असे नव्हे. ते अनिश्चित आहे म्हणूनच आमच्याकडे निश्चित असे काही, एक आकडा, एक तारीख, एक कलम, लिहून तयार असले पाहिजे, आणि ते कोणत्याही पक्षाच्या कोणत्याही माणसापुढे, तो खुर्चीवर चढत असो की उतरत असो, त्याच शब्दांत ठेवता आले पाहिजे.

पुढची बैठक पितृपक्षाआधी आहे. विषयपत्रिकेवर माझा ठराव पुन्हा घातला आहे, आणि तहकुबीची सूचना आलीच तर विरोधी मत नावानिशी नोंदवावे अशी लेखी विनंती चिटणिसांकडे आधीच दिली आहे. निवेदन स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढले. मायन्यात मंत्र्यांचे नाव घालावे की नाही, अशी शंका चिटणिसांनी काढली. तोपर्यंत बदल झाला तर पंचाईत नको, असे त्यांचे म्हणणे. मी नाव घातलेले नाही. ‘मा. मंत्री, शालेय शिक्षण, मंत्रालय, मुंबई’ एवढेच लिहिले आहे, आणि खाली सोबतच्या कागदांची यादी : मंजुरीपत्रांच्या प्रती सहा, हजेरीपटाचे उतारे चौदा.